छापखाना आपला, मग किल्ली कुणाकडे?

“वकीलसाहेब, म्या तुमाले सांगतलं होतं, साऱ्या दुनियेले नाही.”

खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा येथे आमची बैठक सुरू असताना एका मावशीने दारातूनच आम्हाला हे सुनावले. मावशी जवळच्याच एका खेड्यातल्या. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील एका प्रकरणात साक्षीदार. त्यांनी आम्हाला जे सांगितले ते आम्ही टंकलिखित केले, फाईलला त्यांचेच नाव दिले आणि आम्हा काही कार्यकर्त्यांच्या संकेतस्थळाच्या सर्व्हरवर ‘सुरक्षित’ ठेवून दिले. मावशीच्या भाच्याने एके दिवशी मोबाईलवर सहज मावशीचे नाव टाकून पाहिले, तर नाव, गाव आणि अख्खे निवेदन त्याच्यासमोर उघडे झाले. कुणी चोरी केली नव्हती. कुणी कुलूप फोडले नव्हते. कुलूप आम्ही लावलेच नव्हते.

अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती होऊन २६ जानेवारी २०१६ पासून कलम १५-अ लागू झाले. पीडित आणि साक्षीदार यांच्या हक्कांचे हे कलम. साक्षीदाराचे नाव व पत्ता निकालपत्रातसुद्धा येऊ न देण्याचा अधिकार त्याने विशेष न्यायालयाला दिला आहे. या कलमावर आम्ही गावोगावी भाषणे दिली. आणि जे झाकून ठेवण्याचा अधिकार कायद्याने न्यायालयाला दिला, तेच आम्ही, पीडितांचे वकील म्हणवणाऱ्यांनी, चव्हाट्यावर टांगले. पुढे काही वाईट घडले नाही, हे सुदैव. पण सुदैव हा बचाव होऊ शकत नाही. न्यायालयातही नाही आणि चळवळीतही नाही.

म्हणून आजचा हा लेख एका रूक्ष वाटणाऱ्या विषयावर आहे. लिनक्सवरचा वेब सर्व्हर कसा मांडावा आणि कसा राखावा, हा तो विषय. “हे संगणकवाल्या पोरांचे काम, आमचा काय संबंध?” असे म्हणून वाचकांनी पान उलटू नये. आम्हीही हेच म्हणत होतो, म्हणूनच मावशीला दारात उभे राहावे लागले.

छापखाना ते सर्व्हर

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला. पैसे देऊनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही, हा इतिहास आंबेडकरी वाचकाला सांगायला नको. पुढे १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’, १९३० मध्ये ‘जनता’ आणि १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’. बाबासाहेबांनी नुसती पत्रे काढली नाहीत, स्वतःचा छापखानाही उभा केला. भारतभूषण, नंतरचा बुद्धभूषण. दुसऱ्याच्या यंत्रावर आपला शब्द छापायचा तर तो कधी अडवला जाईल याचा नेम नाही, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते. त्याच बुद्धभूषण छापखान्याची दादरमधील वास्तू आंबेडकर भवनासह २५ जून २०१६ रोजी पहाटे पाडली गेली. आपला छापखाना असणे ही एक गोष्ट आणि तो राखणे ही दुसरी, हा धडा त्या पहाटेने दिला.

आजचा छापखाना म्हणजे सर्व्हर. सर्व्हर म्हणजे चोवीस तास सुरू असलेला एक संगणक. कुणी पत्ता टाकला की तो हवे ते पान काढून हातात देतो. आज आपला बहुतेक मजकूर परक्या कंपन्यांच्या फुकटच्या पानांवर असतो. तिथे आपण भाडेकरूही नाही, पाहुणे आहोत. आमचे असेच एक पान एका सकाळी दिसेनासे झाले. का, ते कुणी सांगितले नाही आणि दाद मागायला खिडकीही सापडली नाही. तेव्हा आम्ही ठरवले, आपला सर्व्हर घ्यायचा.

यात खर्च फार नाही. गावात विजेचा भरवसा नाही, म्हणून यंत्र विहारात ठेवण्याऐवजी शहरातील डेटा सेंटरमधले आभासी यंत्र महिना काही शे रुपयांत भाड्याने मिळते. त्यावर चालणारी लिनक्स ही प्रणाली फुकट. हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये ती सुरू केली आणि तिचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला ठेवला. कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा. पाने वाढून देणारे अपाचे आणि एन्जिनएक्स हे सॉफ्टवेअरही तसेच खुले. ज्ञानबंदीने ज्यांच्या पिढ्या कापल्या गेल्या त्यांना यातला आनंद वेगळा सांगावा लागत नाही. इथे वेद ऐकले म्हणून कानात शिसे ओतणारा कुणी नाही.

ठेवायला मजकूरही आहे. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ चे. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे लेखकाच्या मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे हक्क राहतो. म्हणजे बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले त्यांचे लेखन १ जानेवारी २०१७ पासून सर्वांचे झाले. (हयातीनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाची मुदत प्रसिद्धीच्या वर्षावरून मोजतात, आणि अनुवादकाचा हक्क वेगळा असतो, हे पाहूनच ठेवावे.) महाराष्ट्र शासनाचे खंड वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून निघू लागले. त्यांची छपाई रखडल्याची दखल मुंबई उच्च न्यायालयाला डिसेंबर २०२१ मध्ये स्वतःहून घ्यावी लागली. सरकारी छपाईची वाट पाहत बसण्याचे दिवस संपले, असे आम्ही उत्साहाने म्हणालो. उत्साहात कुलपाचे मात्र विसरलो.

‘लिनक्स आहे, काळजी नाही’

आम्हाला सर्व्हर मांडून देणारा मुलगा म्हणाला होता, “सर, लिनक्स आहे. याला व्हायरस लागत नाही.” आम्ही मान डोलावली. कालाम सुत्तावर प्रवचने करणारे आम्ही! कुणी मोठा माणूस म्हणतो म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, तपासून पाहा, ही बुद्धाची शिकवण आम्ही देवाधर्माला लावली, संगणकाला लावायची राहिलो. ‘लिनक्स आपोआप सुरक्षित असते’ ही सुशिक्षितांची अंधश्रद्धा आहे. लिनक्स चांगले कुलूप देते, पण लावायचे काम आपलेच.

मावशीच्या घटनेनंतर तपास केला तेव्हा चुका एकामागून एक निघाल्या. डेबियन नावाच्या लिनक्समध्ये अपाचे बसवले की संकेतस्थळाच्या मूळ फोल्डरसाठी ‘यादी दाखवा’ ही सोय सुरूच असते. म्हणजे ज्या फोल्डरमध्ये मुखपृष्ठाची फाईल नाही, त्याचा पत्ता टाकताच आतल्या सगळ्या फायलींची यादी समोर येते. आमचा ‘कागदपत्रे’ नावाचा फोल्डर असाच होता. शोधयंत्राला ती यादी सापडली आणि तिने सगळे वाचून काढले. त्यात मावशीचे निवेदन होते, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी मुलांनी दिलेले जातीचे दाखले होते, आधार कार्डांच्या प्रती होत्या.

दुसरी चूक परवानग्यांची. लिनक्समध्ये प्रत्येक फाईलवर मालक, त्याचा गट आणि इतर अशा तिघांना वाचणे, लिहिणे, चालवणे यांचे हक्क वेगवेगळे देता येतात. एकदा फोटो चढत नव्हते म्हणून आमच्या पोराने सगळ्यांना सगळे हक्क देणारा ७७७ हा आकडा टाकला. फोटो चढले. तिजोरी उघडत नव्हती म्हणून तिचे दारच काढून ठेवण्याचा हा प्रकार.

तिसरी चूक सांगताना आम्हाला संकोच वाटतो. पासवर्ड होता ‘जयभीम’ आणि त्यापुढे १४ एप्रिलचा आकडा. वाचकहो, मनातल्या मनात आपापला पासवर्ड आठवा! ज्या शब्दाने आपण एकमेकांना ओळखतो, त्याच शब्दाने चोरही आपल्याला ओळखतो. आणि हा एकच पासवर्ड पाच जणांना माहीत होता. त्यातले दोघे केव्हाच दुसऱ्या गटात गेले होते.

“आपल्यासारख्या खेड्यातल्या लोकांच्या मागे कोण लागणार?” हा प्रश्न बैठकीत आला. सर्व्हरची नोंदवही उघडून दाखवली. एका रात्रीत जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांतून शेकडो वेळा मुख्य खात्याचा पासवर्ड घालून पाहिला गेला होता. हे माणसांचे काम नव्हे, यंत्रांचे. ती रात्रंदिवस एकेक पत्ता ठोठावत फिरतात. त्यांना तुमची जात माहीत नसते, पक्ष माहीत नसतो, पिंपळगाव राजा कुठे आहे हेही माहीत नसते. त्यांना फक्त उघडे दार हवे असते.

मोठ्यांचीही दारे उघडी राहिली आहेत. सप्टेंबर २००७ मध्ये महाराष्ट्र शासनाचे अधिकृत संकेतस्थळ फोडले गेले होते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत घुसून ९४ कोटींहून अधिक रुपये काढले गेले. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समधले सर्व्हर बंद पडले आणि देशभरातून आलेल्या रुग्णांची नोंदणी पुढचे बरेच दिवस कागदावर करावी लागली. त्या रांगेत कोण उभे होते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. नेटवर्कचे विभाग नीट वेगळे केलेले नव्हते, असे कारण पुढे सरकारने संसदेत दिले.

पाणवठा खुला, दार बंद

दुरुस्तीला बसलो तेव्हा पहिला नियम सांगितला गेला, ‘सगळे बंद करा, मग लागेल तेवढेच उघडा.’ एका तरुण कार्यकर्त्याला हे खटकले. “आपण आयुष्यभर दारे उघडा म्हणून भांडलो, आणि इथे पहिलाच नियम प्रवेशबंदीचा?” प्रश्न खरा होता.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पाणी सर्वांचे, हा तो लढा होता. पण पाणी सर्वांचे आहे याचा अर्थ त्यात विष कालवण्याची मोकळीक सर्वांना आहे असा होत नाही. उलट पाणी सर्वांचे आहे म्हणूनच ते राखावे लागते. जातिव्यवस्था जन्म पाहून दार बंद करते. फायरवॉल जन्म पाहत नाही, काम पाहते. वाचणाऱ्याला घाट सताड उघडा, यंत्रणेत हात घालणाऱ्याला किल्ली विचारायची.

सर्व्हरला हजारो दारे असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. संकेतस्थळाला लागतात फक्त दोन. ८० क्रमांकाचे साधे आणि ४४३ क्रमांकाचे कूटबद्ध. तिसरे २२ क्रमांकाचे, ज्यातून आपण स्वतः दुरून सर्व्हरवर काम करतो. त्याला एसएसएच म्हणतात. बाकी सगळी बंद. माहितीचा साठा ज्यात असतो त्या डेटाबेसला तर बाहेरचे दार असूच नये. त्याने त्याच यंत्रावरच्या संकेतस्थळाशी आतल्या आत बोलावे. जे सॉफ्टवेअर वापरात नाही ते काढूनच टाकावे. नसलेले दार कुणी फोडू शकत नाही.

इथे एक सावधगिरी. आमच्या पोराने २२ क्रमांकाला परवानगी देण्याआधीच फायरवॉल सुरू केली आणि आम्ही सगळे आपल्याच घराबाहेर उभे! भाड्याच्या यंत्राला कंपनीचा वेगळा आपत्कालीन दरवाजा असतो, त्यातून परत आत गेलो. तेव्हा आधी परवानगी, मग फायरवॉल, हा क्रम विसरू नये.

त्या तिसऱ्या दाराला पासवर्ड ठेवूच नये. किल्लीची जोडी बनवावी. एक सार्वजनिक, ती सर्व्हरवर राहते. दुसरी खासगी, ती कार्यकर्त्याच्या संगणकावर राहते आणि तिच्यावर तिचा स्वतंत्र गुप्त वाक्यांश असतो. दोन्ही जुळल्या तरच दार उघडते. किल्लीने आत जाता येते याची खात्री, जुनी खिडकी सुरू ठेवून, दुसऱ्या खिडकीतून करून घ्यावी. मगच पासवर्डने येणे बंद करावे आणि ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याला बाहेरून येण्यास मनाई करावी. प्रत्येक कार्यकर्त्याचे खाते वेगळे, किल्ली वेगळी. कुणी काम सोडले तर त्याची एकच किल्ली काढायची. भांडण नाही, संशय नाही, सगळी कुलपे बदलणे नाही. वारंवार चुकीची किल्ली लावणाऱ्या पत्त्याला काही काळ बाहेर ठेवणारे फेलटूबॅन नावाचे सॉफ्टवेअरही बसवावे. मुख्य कुलूप मजबूत असले तर हा दाराबाहेरचा गुरखा.

सर्वाधिकारी कुणीच नको

लिनक्सच्या जगातले एक तत्त्व आम्हाला राज्यघटनेच्या विद्यार्थ्याला शोभेल असे वाटले. ज्याला जेवढे काम, त्याला तेवढाच अधिकार. डेबियनवर अपाचे ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ नावाच्या एका गरीब खात्याने काम करतो. त्या खात्याला पाने वाचता यावीत, लिहिता येऊ नयेत. फायलींची मालकी दुसऱ्या खात्याची असावी. फायलींवर ६४४ आणि फोल्डरवर ७५५ एवढे हक्क बहुतेक ठिकाणी पुरतात. उद्या संकेतस्थळात छिद्र पडून कुणी आत आला, तरी त्याच्या हाती या गरीब खात्याएवढेच हक्क पडतात. लोकांनी पाठवलेले फोटो ज्या फोल्डरमध्ये जातात तिथे लिहिण्याचा हक्क द्यावाच लागतो; मग तिथली कोणतीही फाईल कार्यक्रम म्हणून चालणार नाही, अशी व्यवस्था करावी. नाहीतर फोटोच्या नावाने चोर आपले हत्यार आत ठेवतो. सत्ता एकवटली की तिचा दुरुपयोग होतो. म्हणून घटनेने ती वाटून दिली. सर्व्हरचेही तसेच.

यादी दाखवण्याची सोय बंद करावी. ‘या फोल्डरमध्ये पाहू नका’ अशी सूचना शोधयंत्रांसाठी लिहून ठेवता येते, पण ती सूचना सगळ्यांना वाचता येते. चोरासाठी ती ‘सोने इथे पुरले आहे’ अशी पाटीच. आणि सर्वांत मोठा निर्णय म्हणजे खासगी कागद वेब सर्व्हरवर नकोतच. साक्षीदाराचे निवेदन, दाखले, आधार यांना पाणवठ्यावर जागा नाही. आमचे ते सगळे कागद आता जाळ्याला न जोडलेल्या, कूटबद्ध डिस्कवर आणि कपाटात आहेत. ज्याची गरज संपली ते आम्ही नष्ट केले. आपल्याकडे नसलेली माहिती आपल्याकडून फुटत नाही.

पत्त्यापुढे ‘एचटीटीपीएस’ असावे, म्हणजे वाचक आणि सर्व्हर यांच्यातले बोलणे वाटेत कुणाला वाचता येत नाही. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र पूर्वी विकत घ्यावे लागे. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था डिसेंबर २०१५ पासून ते सर्वांना मोफत देते. मुदत थोडीच असते, म्हणून नूतनीकरण आपोआप होईल असे लावून ठेवावे. पण ध्यानात असू द्या, हे प्रमाणपत्र वाटेची हमी देते, घराची नाही. आमच्या संकेतस्थळाला ते पहिल्या दिवसापासून होते आणि मावशीचे निवेदन कूटबद्ध वाटेने, मोठ्या इतमामाने, जगभर गेले!

अप्रमाद

तथागतांचा अखेरचा उपदेश अप्रमादाचा, म्हणजे सदैव जागे राहण्याचा. सर्व्हर एकदा मांडला की झाले, असे नसते. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड आणि सप्टेंबर २०१४ मध्ये शेलशॉक या दोन मोठ्या त्रुटी उघड झाल्या. दोन्ही त्याच खुल्या सॉफ्टवेअरमध्ये, ज्यावर आपण निर्धास्त होतो. दुरुस्त्या लगेच निघाल्या. ज्यांनी त्या बसवल्या ते वाचले. डेबियन आणि उबुंटूमध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप बसवण्याची सोय आहे. ती सुरू ठेवावी आणि महिन्यातून एकदा माणसाने पाहावेही.

२०२४ ची गोष्ट तर प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावी. एक्सझेड नावाचे एक छोटे, फायली आकुंचित करणारे सॉफ्टवेअर अनेक लिनक्स प्रणालींत असते. ते वर्षानुवर्षे एकच थकलेला स्वयंसेवक सांभाळत होता. ‘जिया तान’ असे नाव सांगणारी एक व्यक्ती मदतीला आली, दोनेक वर्षे निष्ठेने काम केले, विश्वास मिळवला, अधिकार मिळवले आणि मग आत चोरदार बसवले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर प्रवेशाला अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले. अर्धा सेकंद! त्याने माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी कारस्थान जगापुढे आले. ते चोरदार बहुतेक सर्व्हरपर्यंत पोहोचण्याआधीच पकडले गेले.

आंबेडकरी माणसाला ही कथा ओळखीची वाटेल. एकट्यावर सगळा भार टाकायचा, तो थकला की वेळ नाही म्हणायचे, मग जो गोड बोलत येईल त्याच्या हाती किल्ल्या द्यायच्या. आपल्या किती संस्था अशा गेल्या? उपाय तोच. किल्ल्या निदान दोघांकडे, हिशेब सर्वांपुढे, आणि अर्धा सेकंद जास्त लागला तरी ‘का?’ असे विचारणारा एक तरी माणूस.

याच जागरूकतेचा दुसरा भाग बॅकअप. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी. सर्व्हरला जोडलेल्या डिस्कवरची प्रत ही प्रत नव्हे. चोर दोन्ही एकदम बंद करतो. आणि वर्षातून दोनदा त्या प्रतीवरून संकेतस्थळ पुन्हा उभे करून पाहावे. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, ती आहे असे समजू नये.

नोंदवही हाच पुरावा

आता थोडे वकिलीचे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार परवानगीवाचून संगणकात शिरणे, माहिती उतरवून घेणे किंवा नुकसान करणे यासाठी भरपाई मागता येते. पाच कोटींपर्यंतचे असे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, अभिनिर्णय अधिकारी म्हणून, चालतात. तेच कृत्य अप्रामाणिकपणे केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम ७८ प्रमाणे तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. गावच्या ठाण्यात त्या दर्जाचा अधिकारी नसेल तर तपास वर जाईल, पण “हे आमच्याकडे येत नाही” म्हणून तक्रार नाकारता येत नाही. हे समाजबांधवांनी पाठ करून ठेवावे.

पण तक्रार कशाच्या बळावर करणार? सर्व्हर प्रत्येक येणाऱ्याची नोंद ठेवतो. कोण, केव्हा, काय मागितले. डेबियनवर अपाचेच्या नोंदी नेहमीच्या मांडणीत १४ दिवसांच्याच ठेवल्या जातात, मग पुसल्या जातात. आम्हाला घटना कळली तोवर जुन्या नोंदी गेल्या होत्या. मावशीचे निवेदन कोणी कोणी वाचले, हे आम्ही त्यांना आजही सांगू शकत नाही. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्या, डेटा सेंटर, सरकारी संस्था यांना १८० दिवसांच्या नोंदी राखण्यास आणि घटना सहा तासांत कळवण्यास सांगितले आहे. आपण लहान असलो तरी तोच दंडक स्वतःला लावून घ्यावा, आणि नोंदींची एक प्रत रोज दुसऱ्या यंत्रावर पाठवावी.

या नोंदी न्यायालयात टिकायच्या तर प्रमाणपत्र लागते. हा धडा आपल्या शेजारच्या जालन्याने देशाला दिला. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हीच तरतूद आहे आणि प्रमाणपत्रात आता फाईलचे ‘हॅश’ मूल्यही द्यावे लागते. हॅश म्हणजे फाईलचा अंगठा; एक अक्षर बदलले तरी अंगठा बदलतो. लिनक्सवर तो एका आदेशात निघतो. घटना घडताच आधी नोंदींची प्रत घ्यावी, तिचा अंगठा काढून कागदावर लिहावा, मगच दुरुस्तीला हात लावावा. आम्ही नेमके उलटे केले होते.

आणि कायदा आपल्याविरुद्धही उभा राहू शकतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असून तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. लोकांची माहिती घेणाऱ्याने ती राखलीच पाहिजे, हे त्याचे सूत्र आहे. ‘आम्ही समाजासाठी करतो’ हे उत्तर तिथे चालणार नाही, चालूही नये.

किल्ली मावशीची

आमचे म्हणणे एवढेच आहे. आपला सर्व्हर असावा, हा स्वाभिमान. तो राखावा, ही जबाबदारी. पहिल्याचा उत्सव आपण करतो, दुसरीला कंत्राट समजतो. संकेतस्थळाच्या उद्घाटनाला पुढाऱ्यांची रांग लागते. दुरुस्त्या बसवल्या का, हे विचारायला कुणी येत नाही. कंत्राटदार येतो, पासवर्ड स्वतःजवळ ठेवतो आणि दोन वर्षांनी फोन उचलत नाही. मग छापखाना आपला आणि किल्ली दुसऱ्याची.

प्रत्येक तालुक्यात निदान दोन मुले-मुली हे काम नीट शिकलेल्या असाव्यात. पदविका झालेली, घरी बसलेली कितीतरी पोरे आपल्या वस्त्यांत आहेत. लिनक्स शिकायला फी नाही. जुना संगणक आणि चिकाटी पुरते. जयंतीच्या वर्गणीतला एक छोटा वाटा दरवर्षी यासाठी काढला तर डीजेचा आवाज थोडा कमी होईल, एवढेच. पिंपळगाव राजाच्या आमच्या बैठकीत आता जमाखर्चानंतरचा दुसरा विषय ठरलेला असतो. दुरुस्त्या बसल्या का, प्रत उघडून पाहिली का, किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत?

मावशी परवा पुन्हा आल्या होत्या. आम्ही त्यांना कपाट दाखवले, त्यांची फाईल दाखवली, यंत्रावर तिची प्रत नाही हेही दाखवले. त्यांनी फाईल हातात घेतली, उलटून पाहिली, परत दिली. म्हणाल्या, “ठेवा तुमच्याजवळच. पण चाबी कोनाजवळ रायते, तेवढं मले सांगून ठेवा.”

चळवळीला याहून नेमका प्रश्न कुणी विचारला नसेल. जयभीम!